वापरात असलेली फाईल

संगणक दुरुस्तीच्या दुकानात येणारा माणूस लक्षणं सांगत बसत नाही, थेट निदान सांगतो. 'व्हायरस आलाय.' स्क्रीन काळी पडली तरी व्हायरस, प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी व्हायरस. एका वकीलसाहेबांच्या कीबोर्डची वायर घुशीनं कुरतडली होती, तोही त्यांच्या मते व्हायरसच होता. धाराशिवला बसस्थानकाजवळ मी बावीस वर्षं हे दुकान चालवलं आणि गेल्या पाडव्याला ते वाढवलं, म्हणजे कायमचं बंद केलं. सुरुवातीची काही वर्षं गिऱ्हाईक दारात उभं राहून विचारायचं, "साहेब कुठं गेलेत?" मी सांगायची, "साहेब घरी पोळ्या लाटतायत, तुमचं काय बिघडलंय ते बोला." पुढं पुढं लोक 'ताई' म्हणायला लागले आणि साहेबांची चौकशी थांबली.

या धंद्याचा हंगाम दसऱ्यानंतर सुरू होतो हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. खंडेनवमीला आपल्याकडं पोटाला देणाऱ्या प्रत्येक हत्याराची पूजा होते. संगणकालाही झेंडूचा हार घालतात, हळदकुंकू वाहतात, वरून भक्तिभावानं अक्षता टाकतात. त्या अक्षता कीबोर्डच्या फटीत जातात आणि कुंकू पंख्यात ओढलं जातं. त्या आठवड्यात माझी बोटं लाल असायची. तक्रार मात्र तीच, व्हायरसची.

सोनारीचे एक शेतकरी होते. मुलीच्या अभ्यासासाठी त्यांनी संगणक घेतला होता, त्यात मी अँटिव्हायरस घालून दिला. महिन्यानं ते तणतणत आले. "ताई, ह्यो आल्यापासनं रोज येक व्हायरस निघतुया. ह्यो नव्हता तवा येकबी नव्हता. काढा ह्यो." मी अर्धा तास समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाले, "ते खरं हाय, पन काढा." मी काढला. ते समाधानानं गेले आणि वर्षभर त्यांची काही तक्रार आली नाही.

अशा गमती खूप आहेत, पण त्या सांगायला मी लिहायला बसलेले नाही. एक काम माझ्या हातून चुकलं, त्याबद्दल लिहायचं आहे. त्यासाठी आधी आमच्या धंद्यातली एक साधी गोष्ट सांगायला हवी.

संगणक काम करताना स्वतःसाठी तात्पुरत्या फायली तयार करतो. स्वयंपाक करताना आपण ओट्यावर वाट्या-ताटल्या काढून ठेवतो, तसंच ते. काम झालं की त्या उचलायच्या असतात, पण संगणक आळशी असतो, उचलत नाही. वर्ष-दोन वर्षांत हजारो फायली साठतात आणि मशीन रखडायला लागतं. या साठवणीच्या जागेला टेम्प म्हणतात. मशीन दुकानात आलं की मी आधी टेम्प उघडायची, सगळं एकदम निवडायची आणि पुसून टाकायची. त्यात बघण्यासारखं काही नसतं. ओट्यावरच्या उष्ट्या वाट्या कुणी मोजत नाही.

कधी कधी दोन-चार फायली पुसल्या जात नाहीत. संगणक सांगतो की ही फाईल वापरात आहे. याचे अर्थ दोनच. कुठला तरी प्रोग्राम ती धरून बसलाय, नाहीतर व्हायरस धरून बसलाय. कुणी धरलीय ते शोधायला दहा मिनिटं लागतात. सगळी दुरुस्ती या दहा मिनिटांत असते, हे मी माझ्याकडं दुरुस्ती शिकायला येणाऱ्या मुलींना शिकवायची.

सात-आठ वर्षांपूर्वी, नवरात्रात, बेंबळीच्या सुनंदाबाई एसटीनं लॅपटॉप घेऊन आल्या. चाळिशीच्या, बारावी झालेल्या, बोलायला मोकळ्या. लॅपटॉप दुपट्यात गुंडाळून पिशवीत घातलेला.

"ताई, लई हळू चालतंय. झाकन उघडून च्या ठिवला तर च्या आदी व्हतो. अन् बायकांच्या साड्यांच्या जाहिराती आपोआप येत्यात. चारचौघांसमोर लाज वाटती."

झाकण उघडलं तर मशीन जागं झालं. त्यांनी ते बंद केलं नव्हतं, नुसतं झाकण मिटून आणलं होतं. जाहिरातींचा प्रोग्राम सापडला, पेन ड्राइव्हमधून आलेला एक फुटकळ व्हायरसही सापडला. दोन्ही काढले. टेम्पमध्ये अकरा हजार फायली होत्या. त्या पुसल्या. दोन राहिल्या. एकीचं नाव म्हणजे इंग्रजी अक्षरं आणि आकडे यांची नुसती खिचडी, शेपूट एक्सेलच्या तक्त्याचं. त्या काळात एक्सेलच्या फायलींत लपून येणारे व्हायरस फार होते. दुसरी तिचीच सावली, तेच नाव असलेली एक बारकी फाईल.

स्क्रीनच्या खालच्या पट्टीवर एक्सेलची हिरवी खूण होती. मी ती पाहिली होती. तिच्यावर एकदा दाबलंही होतं, पण मशीन इतकं रखडलेलं की काही उघडलं नाही. तेवढ्यात तुळजापूरहून एका लॉजच्या मॅनेजरचा तिसरा फोन आला. त्यांच्या काउंटरवरचा संगणक बंद पडला होता, सोलापूरच्या दोन बसगाड्या दारात उभ्या होत्या आणि कुणाला कुठली खोली दिलीय ते त्यांना कळत नव्हतं. मॅनेजर अक्षरशः रडकुंडीला आला होता. मी निघायच्या घाईत होते. कुणी फाईल धरलीय हे बघायची ती दहा मिनिटं मी दिली नाहीत.

अशा वेळी एक जालीम उपाय असतो. बटण दाबून धरून मशीन बंद पाडायचं, माझ्याकडच्या पेन ड्राइव्हवरून ते दुसऱ्याच प्रणालीनं सुरू करायचं आणि बाहेरून हार्ड डिस्क उघडायची. मग आतल्या कुणाचीच पकड राहत नाही, काहीही पुसता येतं. मी त्या दोन्ही फायली पुसल्या. वरून नवा अँटिव्हायरस घातला आणि विंडोजची राहिलेली सगळी दुरुस्ती, म्हणजे अपडेट, उतरवून घ्यायला लावून तुळजापूरला गेले. संध्याकाळी सुनंदाबाई लॅपटॉप घेऊन गेल्या. तो झटक्यात सुरू झाला तेव्हा त्यांनी टाळी वाजवली होती.

तिसऱ्या दिवशी त्या परत आल्या. या वेळी पिशवी पोटाशी धरलेली.

"ताई, आमचा तक्ता कुठं गेला?"

"कसला तक्ता?"

"शेताच्या नावाचा."

त्यांचे सासरे शिवलिंगअण्णा. घराणं लिंगायत, पूर्वी भुसार मालाचा व्यापार आणि थोडी शेती. अण्णा निजामाच्या राज्यात उर्दू चौथी शिकलेले, वय ऐंशीच्या पुढं. त्या काळातले जमिनीचे कागद उर्दूत आहेत आणि ते आता कुणाला वाचता येत नाहीत. नुसती उर्दू येऊन भागत नाही, कारण लिहिणाऱ्यानं घसटत लिहिलेलं असतं आणि मजकूर मराठी गावाचा, मराठी शेतांचा असतो. आजूबाजूच्या गावांतले लोक पेटीतला कागद फडक्यात बांधून अण्णांकडं आणायचे, अण्णा वाचून दाखवायचे, लोक कागद घेऊन जायचे. हे चाळीस वर्षं चाललं होतं.

त्या कागदांत प्रत्येक शेताला नाव होतं. खारी, चोपण, भुताची पट्टी, वरातीचा माळ. पुढं जमिनींचं एकत्रीकरण झालं, गट नंबर पडले आणि ही नावं बोलण्यातून गेली. अण्णांना ती लिहून ठेवायची होती. कुठल्या शेताचं नाव काय, कागदात काय म्हटलंय, चारी बाजूंना कोण होतं. डोळ्यांना काचबिंदू झाला होता आणि डॉक्टरांनी नजर जाणार हे स्पष्ट सांगितलं होतं. म्हणून अण्णांनी गावात निरोप धाडून लोकांना कागद पुन्हा आणायला लावले. अण्णा भिंगातून वाचायचे, सुनंदाबाई टाइप करायच्या. अकरा महिन्यांत तीनशेच्या वर शेतं झाली. त्यानंतर अण्णांची नजर गेली. थोडीच शेतं बाकी होती.

तक्ता सुनंदाबाईंच्या पुण्यातल्या पुतण्यानं आखून ई-मेलनं पाठवला होता. सुनंदाबाईंनी तो ई-मेलमधूनच उघडला आणि त्यातच लिहायला सुरुवात केली. रोज सेव्हचं बटण दाबायच्या. ई-मेलमधून थेट उघडलेली फाईल टेम्पमध्ये जाते, तिथंच सेव्ह होते. त्यांचा यात काही दोष नव्हता, निम्मा जिल्हा असंच करतो.

"पण ती बंद का केली नाही कधी?" मी विचारलं.

"मामंजी करू देत न्हाईत. जुना कागद येकदा उघडला की पुरा वाचून झाल्याबिगर घडी घालायची न्हाय, असा त्यांचा नेम हाय. घडीवर कागद तुटतो. तसंच ह्ये. तक्ता पुरा झाल्यावरच मिटायचा म्हनले. दोन-तीन बारी लाइट गेल्यावर आपोआप मिटला, पन म्या त्यांना सांगितलं न्हाय. गपचिप एक्सेलच्या यादीतनं परत उघडला."

म्हणजे ती फाईल वापरात आहे असं संगणक म्हणाला, ते अक्षरशः खरं होतं. मला आधी राग आला तो पुतण्याचा, मग सुनंदाबाईंचा, मग त्या लॉजच्या मॅनेजरचा. सगळ्यांवर रागावून झाल्यावर रागवायला माझ्याशिवाय कुणी उरलं नाही.

"दुसरीकडं कुठं कॉपी? पेन ड्राइव्हवर?"

"कॉपी कशाला? पुरं झाल्यावर येकदाच छापून काढू, असं ठरलं व्हतं."

पुसलेली फाईल लगेच नष्ट होत नाही. तिची जागा रिकामी झाली एवढंच संगणक लिहून ठेवतो. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत ती परत मिळू शकते. बहुतेक वेळा मी मिळवून दिलेली आहे. एका शाळेचे दहावीचे गुण, एका नवरीच्या लग्नाचे फोटो. पण इथं रिकाम्या झालेल्या जागेवर मीच अँटिव्हायरस आणि विंडोजची गठ्ठाभर दुरुस्ती भरून दिली होती. चार दिवस मी दुसरं काम घेतलं नाही. शेवटी एक एक्सेलची फाईल हाती लागली. उघडली तर त्यात वरची एकच ओळ होती. अनुक्रमांक, शेताचं नाव, कागदातला मजकूर, चतुःसीमा. खाली सगळं कोरं. पुतण्यानं पाठवलेला मूळ तक्ता तेवढा ई-मेलमध्ये शाबूत होता, त्याचीच ती नक्कल.

फोनवर सांगता आलं असतं. तसा विचार मी केलाही. मग एसटीनं बेंबळीला गेले.

अण्णा ओसरीवर खाटेवर बसले होते. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, डोळे उघडे पण कुठंच न लागलेले. सुनंदाबाईंनी त्यांना अजून काही सांगितलेलं नव्हतं. मी समोर बसून सगळं सांगितलं. टेम्प म्हणजे काय इथपासून.

"म्हंजी तक्ता न्हाय आता."

"नाही अण्णा."

"तुमी ती फाईल काढली, तवा आत काय हाय ते बघितलं व्हतं?"

"नाही."

"का बरं?"

खोटं बोलायला जीभ उचलली नाही. "घाईत होते. आणि फाईलचं नाव ओळखीचं नव्हतं."

अण्णांनी मान माझ्या आवाजाकडं वळवली. मग म्हणाले, "नाव वळखीचं नसलं की काढायची असती व्हय, माय?"

आवाज चढलेला नव्हता. माय म्हणाले म्हणून तर मला जास्त लाज वाटली. बावीस वर्षांत लोकांनी मला शिव्या दिल्यात, एका माणसानं मॉनिटर आपटलाय, पण दुकान बंद करावं असं मला पहिल्यांदा त्या दिवशी वाटलं.

सुनंदाबाई चहा घेऊन आल्या. त्या आमच्या दोघांपेक्षा व्यवहारी. म्हणाल्या, "आता रडत बसून काय करायचं? कागद तर गावातच हायत. परत आनू."

"आनून काय करशील? वाचनार कोन?" अण्णा म्हणाले.

"तुमीच."

"मला दिसतंय व्हय?"

"मला दिसतंय की."

त्यांनी घरातला स्वतःच्याच शेताचा कागद आणला. तो मांडीवर पसरला आणि बोट ठेवून सांगायला लागल्या, "हितं येक उबी काठी हाय, फुडच्याला जोडलेली. मग बारका दात, त्याच्यावर येक टिंब. मग शेवटाला परातीवानी पसरट, खाली येक टिंब."

अण्णांचं बोट खाटेच्या कडेवर ती अक्षरं गिरवत हललं. "लाम. नून. बे." थोडं थांबून ते म्हणाले, "लिंब. लिंबाचा तुकडा. ह्यो आपलाच कागद हाय. फुडं काय हाय, सांग."

मी बरोबर आणलेला त्यांचा लॅपटॉप उघडला आणि टाइप करायला घेतलं. या वेळी आधी कुठं सेव्ह करायचं ते ठरवलं, पेन ड्राइव्हवर एक कॉपी, माझ्याकडं एक. अण्णांना सांगितलं की आता रोज मिटायचं, मिटल्यानं काही तुटत नाही. त्यांना ते फारसं पटलं नाही, पण ते हूं म्हणाले.

त्यानंतर दोन वर्षं मी रविवारी बेंबळीला जात होते. भिंगातून एका बैठकीत दहा शेतं व्हायची, या पद्धतीनं एक-दोन, क्वचित तीन. सुनंदाबाई आकार सांगायच्या, अण्णा अक्षर सांगायचे, मग अक्षरांवरून नाव. उर्दूत काना-मात्रा सगळ्या लिहीत नाहीत. शेत ठाऊक असलेल्या माणसालाच नाव लागतं. काही वेळा अण्णांना लागायचं नाही. मग ते विचारायचे, शेजारी कोण आहे, ओढा कुठल्या अंगाला आहे, आणि मनातल्या मनात त्या बांधावरून चालत जायचे. सापडलं की नाव दोनदा उच्चारायचे.

सगळे कागद परत आले नाहीत. काहींनी तक्त्यासाठी पहिल्या वेळी वाचून घेतल्यावर कागद वकिलाकडं दिले होते, ते तिथंच राहिले. एकानं प्लॅस्टिकच्या आवरणात घालताना इस्त्री फिरवून कागद काळा केला. काहींना तिसऱ्यांदा तोच कागद काढायचा कंटाळा आला. मी दारोदार जाऊन विचारलं, की अण्णांनी तुमच्या शेताचं नाव वाचून दाखवलं होतं, ते लक्षात आहे का. एक म्हातारी म्हणाली, "चांगलं नाव व्हतं बाई," आणि तिला पुढं आठवेना. मला तिच्यावर चिडायचा अधिकार नव्हता. एका तरुण शेतकऱ्यानं मात्र विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीवर पिवळ्या रंगानं 'भुताची पट्टी' असं रंगवून ठेवलं होतं. ते मी तिथंच उभं राहून टिपून घेतलं.

धंद्यात माझी पद्धत बदलली. कुठलीही फाईल उघडून बघितल्याशिवाय पुसायची नाही. त्यामुळं माझं काम निम्म्यानं मंदावलं आणि ताई आता थकल्या असं गिऱ्हाइकं म्हणायला लागली. समोरच्या गाळ्यात नवं दुकान झालं, तिथं तासाभरात मशीन साफ मिळतं. बेंबळीत मात्र माझं नाव चांगलं आहे. त्यांच्या आळीत अजून सांगतात की धाराशिवच्या ताईंनी सुनंदाचा व्हायरस असा काढला की पुन्हा आला नाही. ते खरंही आहे. तो लॅपटॉप अजून झकास चालतो.

अण्णा एका उन्हाळ्यात गेले. आदल्या रविवारी त्यांनी तीन शेतं सांगितली होती, चौथ्याचं नाव लागत नव्हतं, पुढच्या वेळी बघू म्हणाले होते. दिवसकार्य झाल्यावर सुनंदाबाईंनी मला बोलावलं आणि आम्ही दोघींनी तक्ता शेवटचा तपासला. एकशे सोळा नावं भरली होती. पुतण्यानं पुण्याहून छापून आणलेल्या प्रतींपैकी गावच्या शाळेत एक, ग्रामपंचायतीत एक, आणि एक माझ्याकडं आहे.

बाकीच्या शेतांना गट नंबर आहेत.